वटवाघळाचे पंचांग
(नभोवाणीवरील भाषण)

१९७२ साली आपल्या देशात वन्य जीवांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या अखेरीस काही परिशिष्टे जोडलेली होती. कोणत्या प्राण्यास किती संरक्षण द्यावयाचे, हे त्या परिशिष्टांवरून ठरत असे. त्यांपैकी पाचवे परिशिष्ट उपद्रवी प्राण्यांचे होते. त्यात ज्यांची नावे होती त्यांना मारण्यास कोणाच्या परवानगीची जरुरी नसे. कावळा, लहानमोठे उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे अशी ती मंडळी होती. पुढे २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली, आणि उपद्रवी प्राण्यांचे ते परिशिष्टच नव्या रचनेत उरले नाही.

कायद्याची ही गोष्ट आरंभीच सांगण्याचे कारण असे की, उंदीर आणि वटवाघूळ यांना एका पंक्तीस बसविण्यात जी एक समजूत दडलेली होती, ती कायद्यातून गेली तरी लोकांच्या मनांतून गेलेली नाही. जो प्राणी आकाराने उंदराएवढा, तो उंदराप्रमाणेच भराभर वाढतो. आज शंभर मारले तर चार महिन्यांत पुन्हा शंभर होतात, तेव्हा मारण्यात काय बिघडले, अशी ती समजूत होय. मला आज एवढेच दाखवावयाचे आहे की, ही समजूत मुळातच खोटी आहे. वटवाघळाची माता ही अतिशय सावकाश आणि काळवेळ पाहून संसार करणारी माता आहे. तिचे एक पंचांग आहे, आणि त्या पंचांगात चुकीच्या दिवशी घातलेला घाव वर्षानुवर्षे भरून निघत नाही.

प्रथम वटवाघळाची जात कोणती ते निश्चित करू. ते उडते म्हणून पक्षी नव्हे, आणि तोंड उंदरासारखे म्हणून पंख फुटलेला उंदीरही नव्हे. ते तोंडाने खाते व तोंडानेच विष्ठा टाकते असे आपल्याकडे सांगतात, तेही खरे नाही. फळाचा रस चोखून उरलेला चोथा ते थुंकून टाकते, तो पाहून ही कल्पना निघाली असावी. वटवाघूळ हा सस्तन प्राणी आहे. त्याच्या अंगावर केस असतात, मादी पिल्लास जन्म देते, आणि काखेजवळ छातीवर असलेल्या दोन स्तनांतून त्यास दूध पाजते. ज्यास आपण पंख म्हणतो, तो वस्तुतः त्याचा हातच होय. हाताची बोटे लांबच लांब वाढून त्यांच्यामध्ये छत्रीच्या कापडाप्रमाणे कातडे ताणले गेले आहे. आंगठा तेवढा मोकळा राहून त्याची आकडी झाली आहे. जगात वटवाघळांच्या चौदाशेंहून अधिक जाती आहेत, आणि सस्तन प्राण्यांच्या एकंदर जातींपैकी सुमारे पाचवा हिस्सा यांचाच आहे.

आपल्या महाराष्ट्रात फळांवर राहणाऱ्या तीन जाती सामान्यतः आढळतात. पहिली, वड-पिंपळ-चिंचेच्या मोठ्या झाडांवर दिवसा उघड्यावर शेकड्यांनी लोंबणारी. हिचे पंख पसरले म्हणजे चार फुटांची रुंदी होते व वजन दीड किलोपर्यंत जाते. हिला शास्त्रात टेरोपस म्हणतात. आपण मोठे फळवाघूळ म्हणू. दुसरी जात रूसेटसची. ही जुन्या लेण्यांत, भुयारांत व पडक्या इमारतींच्या अंधारात राहते. तिसरी सायनॉप्टेरस, म्हणजे आखूड नाकाचे लहान फळवाघूळ. वजन अवघे ५० ग्रॅमच्या आसपास. ताडाच्या पंख्यासारख्या पानांखाली किंवा बंगल्यांच्या कुंपणाशी लावलेल्या उंच अशोकाच्या झुपक्यांत हे आपल्या अगदी शेजारी राहते, आणि बहुधा आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. यातील नर पानांचे देठ व डहाळ्या चावून चावून आत पोकळ असा तंबू तयार करतो, आणि त्या तंबूत अनेक माद्या त्याच्याबरोबर नांदतात.

आता या प्राण्यांच्या संसाराकडे वळू. यासंबंधीचे पुष्कळसे मूलभूत संशोधन आपल्याच प्रांतात, नागपूर येथे झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेथील शास्त्र महाविद्यालयातील प्राध्यापक मोघे यांनी मोठ्या फळवाघळाच्या गर्भाची वाढ व वार यांवर लिहिलेला निबंध १९५१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाला. त्यांच्यामागून प्राध्यापक गोपालकृष्ण यांनी व त्यांच्या शिष्यांनी कित्येक दशके हेच काम चालविले. निरनिराळ्या महिन्यांत माद्या तपासावयाच्या, गर्भ कितपत वाढला आहे ते पाहावयाचे, आणि अशी बारा महिन्यांची नोंद जुळवून त्या जातीचे वर्ष मांडावयाचे, अशी ही चिकाटीची पद्धत होती. वटवाघळाचे पंचांग असे मी म्हणतो, ते या नोंदींवरूनच.

मोठ्या फळवाघळाचे वर्ष सरळ आहे. पावसाळ्यात व त्याच्या अखेरीस मीलन, हिवाळाभर गर्भवास, आणि फेब्रुवारी ते मेपर्यंत प्रसूती. गर्भवास सुमारे पाच महिन्यांचा. पिल्लू एकच, तेही वर्षातून एकदाच. जन्मल्यावर ते आईच्या पोटाशी घट्ट चिकटून राहते. पहिले काही आठवडे आई त्यास घेऊनच रात्री उडते, आणि पुढे ते जड झाले म्हणजे झाडावर ठेवून चरावयास जाते. मादी वयात येण्यास दीड-दोन वर्षे लागतात. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेतात सहा-आठ पिल्ले देते, आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. या दोन प्राण्यांचा हिशेब एका वहीत कसा मांडता येईल?

एकच पिल्लू का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. लहान फळवाघळाकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. ५० ग्रॅमच्या या मादीचे नवजात पिल्लू सुमारे १२ ग्रॅमचे असते, म्हणजे आईच्या वजनाचा चौथा हिस्सा! पंचावन्न किलो वजनाच्या एखाद्या स्त्रीस तेरा-चौदा किलोचे मूल व्हावे, तसाच हा प्रकार झाला. आणि हा भार पोटात घेऊन त्या मातेस बसून राहता येत नाही. रोज रात्री उडावे लागते, फळ शोधावे लागते, ते तोंडात धरून परत यावे लागते. जिला उडावयाचे आहे तिला दोन-चार गर्भ वाहणे परवडणारे नाही. कीटक खाणाऱ्या काही जातींत जुळी होतात हे खरे. परंतु फळवाघळांत एकाच वेळी एक हाच नियम. निसर्गाने येथे संख्येचा मार्ग सोडून जोपासनेचा मार्ग धरला आहे. पिल्लू एकच द्यावयाचे, पण ते चांगले वाढवून द्यावयाचे.

आणि म्हणूनच त्या एका पिल्लाचा जन्म केव्हा व्हावा, यास फार महत्त्व येते. मातेस खरा खर्च गर्भवासात नसतो, तो दूध पाजण्यात असतो, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस सांगावयास नको. ज्या दिवसांत बाहेर फळफळावळ भरपूर, त्याच दिवसांत दूध पाजणे पडले पाहिजे आणि दूध सुटल्यावर पिल्लाच्या तोंडास मऊ फळ लागले पाहिजे. हा मेळ साधण्यासाठी वटवाघळांनी ज्या युक्त्या योजल्या आहेत, त्या थक्क करणाऱ्या आहेत.

गुहेत राहणाऱ्या रूसेटसचा वृत्तांत प्राध्यापक गोपालकृष्ण व त्यांचे सहकारी चौधरी यांनी १९७७ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिला आहे. ही मादी वर्षातून दोनदा विते. पहिला गर्भ साधारणतः नोव्हेंबरात राहतो व मार्चमध्ये पिल्लू होते. लगेच दुसरा गर्भ राहतो व जुलैच्या सुमारास दुसरे पिल्लू होते. मादीच्या गर्भाशयास उजवे व डावे अशी दोन शिंगे असतात. पहिल्या खेपेस गर्भ एका शिंगात वाढला, तर दुसऱ्या खेपेस तो दुसऱ्या शिंगात वाढतो. नुकतेच बाळंतपण झालेला भाग पूर्ववत होईपर्यंत त्यास विश्रांती मिळते, आणि वेळ तर फुकट जात नाही. शेतकरी एका वावरात पीक घेऊन दुसरे पडीक ठेवतो व पुढील हंगामात उलट करतो, तसाच हा क्रम आहे.

आखूड नाकाच्या लहान फळवाघळाची दोन बाळंतपणेही साधारण याच क्रमाने होतात. परंतु त्यात आणखी एक चमत्कार आहे. काशी हिंदू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी या जातीच्या दोन गर्भवासांची तुलना करून २००५ साली ती प्रसिद्ध केली. हिवाळ्यातील गर्भवास सुमारे पाच महिन्यांचा, आणि उन्हाळ्यातील त्याहून जवळजवळ एक महिन्याने कमी! माता तीच, जात तीच, जन्मणारे पिल्लूही तसेच; मग पहिल्यास महिनाभर अधिक का लागावा? कारण असे की, नोव्हेंबर-डिसेंबरात तो गर्भ आपली वाढ अगदी मंदावतो. माता त्या काळात आपल्या अंगात चरबीचा साठा करते, गर्भ जणू दाराशी थांबून राहतो, आणि थंडी ओसरू लागली म्हणजे पुन्हा वाढीस लागतो. परिणाम असा की, पिल्लू जगात येते ते हिवाळ्याच्या कडाक्यात न येता, उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर येते.

गर्भ थांबून राहतो, हे ऐकून कोणास अतिशयोक्ती वाटेल. परंतु याहूनही विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे, आणि ते समजले म्हणजे आपल्या वटवाघळाचे वागणे अधिक स्पष्ट होते, म्हणून थोडे तिकडे जाऊन येऊ. कांगारूचा एक धाकटा भाऊबंद आहे, त्यास वॉलबी म्हणतात. त्यातील टॅमर नावाची जात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर व इतरत्र आढळते. ही मादी पाच किलोच्या आसपास वजनाची. पोटावर पिशवी असते, तिला आपल्या शास्त्रीय परिभाषेत शिशुधानी म्हणतात. तिचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते. घेवड्याच्या दाण्याएवढा तो आंधळा, केशहीन जीव पुढच्या पायांनी आईच्या केसांतून वाट काढीत पिशवीत शिरतो, तेथील स्तनाग्र तोंडात धरतो, आणि आठ-नऊ महिने तेथेच वाढतो. जे काम वटवाघूळ गर्भाशयात करते, ते वॉलबी पिशवीत करते. एकीचे पिल्लू तिच्या वजनाच्या चौथाईचे, तर दुसरीचे दहा हजारांश भागाहूनही लहान!

आता वॉलबीचे पंचांग पाहा. बहुतेक पिल्ले जानेवारीच्या अखेरीस जन्मतात. त्यानंतर काही तासांतच मादीचे पुन्हा मीलन होऊन दुसरा गर्भ राहतो. हिलाही स्वतंत्र अशी दोन गर्भाशये आहेत, आणि तीही आळीपाळीने उपयोगात येतात. परंतु हा नवा गर्भ सुमारे शंभर पेशींचा सूक्ष्म गोळा होताच वाढ थांबवितो. पिशवीतील पिल्लू दूध पीत असते, त्या पिण्यामुळेच मातेच्या शरीरात अशी संप्रेरके वाहतात की गर्भास पुढे जाण्याची अनुज्ञा मिळत नाही. थोरल्याने धाकट्यास थोपवून धरावे, तसे हे आहे. पुढे थोरले पिल्लू पिशवीबाहेर पडते, तरीही धाकटा थांबलेलाच असतो. कारण आता त्याची किल्ली सूर्याच्या हाती असते. दक्षिण गोलार्धात २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत मोठा असतो. तेथून दिवस लहान होऊ लागले की मातेच्या मेंदूस ती सूचना मिळते, अकरा महिने निजलेला गर्भ जागा होतो, आणि सुमारे एक महिन्याने, म्हणजे पुन्हा जानेवारीच्या अखेरीस, जन्म घेतो. हे पिल्लू पिशवीतून बाहेर येते ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, जेव्हा कोवळे गवत उगवलेले असते. सारा खटाटोप त्या कोवळ्या गवतासाठी!

एक प्राणी पंखांचा, दुसरा पिशवीचा. एक आशियातील, दुसरा ऑस्ट्रेलियातील. दोघांच्या वंशांची फारकत होऊन कोट्यवधी वर्षे लोटली. तरीही प्रश्न एकच पडला म्हणून उत्तराची जातही एकच निघाली. बाहेरचा काळ अनुकूल होईपर्यंत आतील काळ थांबवून धरावयाचा, हे ते उत्तर होय. आपल्याकडील कीटक खाणारे पिवळे घरवाघूळ हेच कोडे तिसऱ्या रीतीने सोडविते. त्याचे मीलन हिवाळ्यात होते, परंतु नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात कित्येक आठवडे जिवंत ठेवले जातात, बीजांड मार्चमध्ये सुटते, आणि पिल्ले जुलैत, म्हणजे पावसाळी किड्यांच्या सुगीत जन्मतात. कोणी गर्भ थांबवितो, कोणी गर्भधारणाच थांबवितो, हेतू एकच.

आता या ज्ञानाचा आपल्या घरादाराशी संबंध काय, ते सांगतो. आमचा नाशिक जिल्हा द्राक्षांचा. ऑक्टोबरात छाटणी होते आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत घड तयार होऊन उतरतात. फळवाघळे द्राक्षे खातात, आणि बागाईतदाराचे नुकसान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. वर्षभर औषधे, मजुरी व कर्ज यांच्या ओझ्याखाली वाढविलेला घड सकाळी कुरतडलेला दिसला म्हणजे कोणाचाही संताप होईल. परंतु द्राक्षांच्या काढणीचे हे महिने आणि फळवाघळांच्या प्रसूतीचे महिने पंचांगात शेजारी शेजारी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेलीवर उतरलेली मादी बहुधा एकटी नसते. तिच्या पोटात वा पोटाशी तिचे त्या हंगामातील एकुलते एक पिल्लू असते. ती मेली की दोघे गेली.

थोडा हिशेब करू. समजा, एका जुन्या वडावर मोठ्या फळवाघळाच्या शंभर माद्या आहेत. सगळ्या सुखरूप राहिल्या, तर वर्षाला फार तर शंभर पिल्ले होतील. त्यांत निम्मे नर. जी मादी-पिल्ले जगतील, ती स्वतः आई होण्यास दोन वर्षे घेतील. त्याच वडाखाली मार्च महिन्यात बंदुका झाडल्या किंवा धूर केला आणि पन्नास माद्या मेल्या, तर त्या वर्षाची निम्मी पिल्ले गेलीच. शिवाय त्या पन्नासांची जागा भरून येण्यास किती पावसाळे लागतील, ते आपणच मोजावे. झाडच तोडले, तर मोजण्याचेही कारण उरणार नाही.

मग बागाईतदाराने काय करावे? बागेवर चांगली ताणून जाळी बसवावी. सैल जाळीत पाखरे व वाघळे दोन्ही अडकून मरतात; ताठ जाळीवरून ती परत फिरतात. खर्च आहे हे खरे. परंतु वाघूळ मारल्याने तो खर्च टळतो असेही नाही, कारण मोकळी बाग दिसली की दुसरीकडची वाघळे येतात. जाळी मात्र साऱ्यांनाच अडविते.

आणखी एक भीती अलीकडे वाढली आहे, ती रोगाची. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळे तपासली, तेव्हा काहींच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. २०२१ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. ही गोष्ट गंभीर आहे, आणि तिच्यावरून योग्य तो बोध घ्यावा. पाखराने वा वाघळाने उष्टे केलेले फळ खाऊ नये, मुलांना खाऊ देऊ नये. फळे धुऊन घ्यावीत. खाली पडलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नये. त्यांच्या गुहांत विनाकारण शिरू नये. परंतु वाघळांची वस्ती जाळणे वा उधळणे हा यावरचा उपाय नव्हे. हुसकावलेली, भेदरलेली वाघळे चार नव्या ठिकाणी पांगतात, आणि ज्यांच्यापासून दूर राहावयाचे, त्यांनाच आपण जवळ आणतो.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आमच्या पेठ-सुरगाण्याच्या बाजूस मोहाच्या झाडाचे महत्त्व केवढे आहे, हे आपण जाणता. त्याची रसाळ फुले रात्री गळू लागतात, तेव्हा फळवाघळे त्यांच्यावर येतात, आणि एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. गोरखचिंच, टेटू ही झाडेही रात्री फुलतात आणि याच पाहुण्याची वाट पाहतात. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाऊन वाघूळ दूर उडत जाते व वाटेत त्यांचे बी टाकते. वडाने वाघळास आसरा दिला आणि वाघळाने वडाचा वंश वाढविला, असा हा फार जुना व्यवहार आहे.

तेव्हा श्रोतेहो, तिन्हीसांजेस आपल्या गच्चीवरून काळ्या आकृती एकामागून एक गोदावरीच्या दिशेने जाताना दिसल्या, तर त्यांना अपशकुनाच्या खात्यावर मांडू नका आणि उंदरांच्याही खात्यावर मांडू नका. त्यांतील कित्येकींच्या पोटाशी एकेकच लेकरू असेल, आणि त्या लेकरासाठी त्या मातेने ऋतूचा हिशेब केलेला असेल. तिने वेळ पाहिली आहे. कुऱ्हाड किंवा बंदूक उचलण्यापूर्वी आपणही भिंतीवरची दिनदर्शिका एकवार पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.